१५ दिवसांत १० किलो? वजन कमी करायच्या ऑनलाईन ऑफरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फार्मासिस्ट आहे, सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आमचं मेडिकल आहे. गेल्या काही वर्षांत काउंटरवर एक नवीनच प्रकार सुरू झालाय. लोक पिशवीतून हळूच एखादा डबा काढतात, आजूबाजूला कोणी नाही ना बघतात आणि विचारतात, दादा हे घेतलं तर चालंल का? डबा आमच्याकडं घेतलेला नसतो, फेसबुकवरून मागवलेला असतो. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदा लिहून काढतोय. माझी सख्खी मावशी पण यातनं गेलीय, त्यामुळं काही ठिकाणी माझा आवाज चढलेला दिसला तर समजून घ्या.

मी नुसता फॉर्म भरला, पैसे तर दिले नाहीत. मग फसले कुठं?

तिथंच. जाहिरात म्हणजे गळाला लावलेलं गांडूळ, आणि गळ म्हणजे तो फॉर्म. नाव, मोबाईल नंबर, वय, वजन, उंची, "किती किलो कमी करायचंय", "थायरॉईड किंवा शुगर आहे का" एवढं सगळं तुम्ही फुकटात लिहून दिलंत. डॉक्टरला सांगताना आपण दोन किलो कमी सांगतो पण त्या फॉर्ममध्ये खरं वजन टाकतो, कारण समोर कोणी नसतं. आता पलीकडच्या कॉल सेंटरवाल्याला माहिती आहे की तुम्ही ४६ वर्षांच्या आहात, वजन ८१ आहे, गुडघे दुखतात आणि याची तुम्हाला लाज वाटते. या शेवटच्या माहितीवरच पुढचा सगळा धंदा चालतो. शिवाय असे नंबर पुढं दुसऱ्यांना विकले जातात, म्हणून एक फॉर्म भरला की महिन्याभरात केस गळतीवाले, गुडघेदुखीवाले आणि साखर मुळापासून घालवणारे पण फोन करायला लागतात.

पण व्हिडिओत मोठे डॉक्टर, हिरोईन स्वतः बोलताना दिसतात की

तोंड हलतं, आवाज पण तोच वाटतो, पण तो माणूस ते बोललेलाच नसतो. जुन्या मुलाखतीचा तुकडा घेऊन एआयनं आवाज बदलायचा हे आता कुठल्याही पोराला जमतं. ओठ आणि शब्द नीट जुळतायत का बघा. अजून सोपी खूण सांगू? खऱ्या डॉक्टरचं स्वतःचं अकाउंट उघडून तिथं ते औषध आहे का शोधा, बहुतेक वेळा तिथं "माझ्या नावानं खोटी जाहिरात चाललीय, विश्वास ठेवू नका" अशीच पोस्ट सापडते.

आणि कोणी खरंच पैसे घेऊन जाहिरात करत असेल तर तोही मोकळा नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणं दिशाभूल करणारी जाहिरात करणाऱ्या सेलिब्रिटीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, परत केली तर ५० लाखांपर्यंत, आणि वर एक वर्ष, नंतर तीन वर्षांपर्यंत जाहिराती करायला बंदी घालू शकतं. इन्फ्लुएन्सर पण यात आले.

त्या पानावर टायमर चालू असतो, "फक्त ३ डबे शिल्लक" असतं, ते खरं असतं का?

पान बंद करा, परत उघडा. मी एकदा दुकानात बसल्या बसल्या केलं हे. १४ मिनिटं ५९ सेकंदांवरून टायमर चालू झाला, मी गिऱ्हाईक केलं, चहा घेतला, तोवर शून्यावर आला, मग पान रिफ्रेश केलं तर परत १४:५९. खाली कोपऱ्यात छोटी चौकट येत होती, "नाशिकच्या स्नेहानं आत्ताच ३ डबे मागवले". संध्याकाळी परत बघितलं तर स्नेहाबाई अजून मागवतच होत्या. एवढ्यात डबे संपायला पाहिजे होते की! अशी खोटी घाई लावणं हा केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नविरोधी (म्हणजे गिऱ्हाईकाला फसवायच्या ऑनलाईन युक्त्यांविरोधी) गाईडलाईन्समध्ये चक्क नावानिशी लिहिलेला, बंदी असलेला चाळा आहे, १३ प्रकार आहेत त्यात, हा पहिलाच.

१५ दिवसांत १० किलो खरंच शक्य नाही का? थोडं तरी?

हिशोब करूया, तिसरी-चौथीचं गणित आहे. अंगातली एक किलो चरबी जाळायला साधारण ७,७०० कॅलरी लागतात. १० किलोला झाल्या ७७,०००. १५ दिवसांनी भागलं तर रोजच्या ५,१०० च्या वर. घरकाम करणारी मध्यमवयीन बाई दिवसभरात सगळं मिळून साधारण १,८०० ते २,००० कॅलरी खर्च करते. म्हणजे तिनं १५ दिवस पाण्याशिवाय काहीच घेतलं नाही, निर्जळी नाही पण कडक उपास धरला, तरी चरबी चार किलोसुद्धा जात नाही. मग कुठल्याशा चूर्णाचा एक चमचा रात्री कोमट पाण्यातून घेऊन, वर "जेवणाचं काही पथ्य नाही" म्हणत १० किलो जाणार कसे?

यावर एक शहाणा मला म्हणाला, चूर्णानं मेटाबॉलिझम, म्हणजे शरीराचा कॅलरी जाळायचा वेग, वाढतो. वाढला रे बाबा, पण अडीचपट वाढला तर माणूस तापानं फणफणून आयसीयूत जाईल.

पण माझ्या नणंदेचे ८ दिवसांत ३ किलो गेले, मी स्वतः काट्यावर बघितलंय

गेले असतील, काटा खोटं बोलत नाही. फक्त काय गेलं ते काटा सांगत नाही. शरीरात ग्लायकोजेन नावाचा साखरेचा साठा असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं, जेवण कमी केलं की हा साठा आधी संपतो आणि पाणी निघून जातं, पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो उतरायला एवढं पुरेसं आहे. त्यात त्या "स्लिमिंग टी"मध्ये असते सोनामुखी. आपल्या आज्ज्या पोट साफ व्हायला द्यायच्या तीच. रोज तीनदा संडासला जाऊन वजन कमी होणारच, दुपारी दोन तांबे पाणी प्यायल्यावर परत येणारच.

ते घाम काढणारे बेल्ट पण यातलेच. बेल्ट लावून पोटावर घाम येतो, कंबर तासभर अर्धा इंच कमी भरते, फोटो काढायला तेवढा वेळ पुरतो.

सोनामुखी महिनोन् महिने घेतली की आतड्याला तिची सवय लागते आणि पोटॅशियम कमी होतं. गेल्या उन्हाळ्यात एक काकू पायात गोळे येतात म्हणून गोळी मागायला आल्या, अशक्तपणा, धडधड. बोलता बोलता पाकीट निघालं पिशवीतनं, "हर्बल डिटॉक्स टी", अडीच महिने चालू. डॉक्टरकडं पाठवलं, रिपोर्टमध्ये पोटॅशियम खाली आलेलं.

आयुर्वेदिक आहे म्हणतात, मग साईड इफेक्ट कसला?

हा प्रश्न ऐकला की माझं डोकं फिरतं, आयुर्वेदावर राग आहे म्हणून नाही हं, आमच्याकडं एक अख्खं कपाट आयुर्वेदिक औषधांचं आहे. राग याचा की डब्यावर पान आणि फुलाचं चित्र काढलं की आत काय आहे ते कोणी विचारत नाही.

सिब्युट्रामिन नावाचं एक औषध होतं, भूक मारायचं. त्यानं ब्लड प्रेशर आणि नाडीचे ठोके वाढतात, आधीच हृदयाचा त्रास असलेल्या लोकांमध्ये हार्ट अटॅक आणि स्ट्रोकचं प्रमाण वाढतं असं मोठ्या अभ्यासात दिसलं. २०१० मध्ये ते अमेरिकेच्या बाजारातून गेलं आणि फेब्रुवारी २०११ मध्ये भारतात त्यावर बंदी आली. पण गंमत बघा, तेव्हापासून अमेरिकेचं एफडीए, म्हणजे तिथलं अन्न-औषध खातं, "शंभर टक्के नॅचरल" लिहिलेल्या वजनाच्या गोळ्या तपासतं तेव्हा त्यात वारंवार हेच सिब्युट्रामिन सापडतं. लेबलवर नाव नसतं. म्हणजे बीपीची गोळी चालू असलेली बाई झाडपाला समजून बंदी घातलेलं औषध घेते. त्यामुळं एखाद्या "हर्बल" कॅप्सूलनं दुसऱ्याच दिवशी भूक मेली, तोंड कोरडं पडलं, झोप उडाली, छातीत धडधडायला लागलं तर "वा, काय असर आहे" म्हणू नका, ताबडतोब बंद करा आणि डबा घेऊन डॉक्टरकडं जा. डबा नक्की न्या.

डब्यावर एफएसएसएआयचा नंबर आहे, आयएसओ आहे, जीएमपी आहे. सरकारमान्यच झालं ना?

नाही. एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर म्हणजे अन्नपदार्थ बनवायचं किंवा विकायचं लायसन्स किंवा नोंदणी. तो वडापावच्या गाडीला पण लागतो. वडापावनं वजन कमी होतं असं सरकारनं मान्य केलंय का? आयएसओ आणि जीएमपी म्हणजे बनवायची पद्धत ठरलेली आहे, आतल्या मालानं काय होतं त्याच्याशी याचा संबंध नाही.

मावशीचा डबा मी नीट बघितला होता म्हणून सांगतो. समोर मोठ्या अक्षरात "फॅट कटर". मागं एवढ्याशा अक्षरात "हेल्थ सप्लिमेंट, औषधी वापरासाठी नाही". ही ओळ सप्लिमेंटवर कायद्यानंच लिहावी लागते, म्हणजे जी गोष्ट फोनवरचा माणूस औषध म्हणून विकत होता ती औषध नाही हे डब्यानं स्वतःच सांगितलेलं. बनवणारा एका राज्यातला, मार्केटिंग करणारा दुसऱ्या राज्यातला, आणि एमआरपीच्या जागी स्टिकर ४,९९९ चा. नखानं स्टिकर काढला तर खाली दुसरा स्टिकर, दुसऱ्याच ब्रँडचा, एमआरपी ८५०. एकच माल, वर नावं बदलत राहतात, एका नावाची बदनामी झाली की दुसरं चिकटवायचं.

गार्सिनिया, ग्रीन कॉफी, ॲपल सायडर व्हिनेगर यात काही तथ्य आहे का?

गार्सिनिया कंबोजिया हे आपल्या कोकमाचं चुलत भावंड. कोकणात, गोव्यात पिढ्यानपिढ्या रोज सोलकढी पितात, म्हणून तिथं सगळे सडपातळ आहेत का, फिरून बघा. त्यातल्या हायड्रॉक्सीसिट्रिक ॲसिडचा वजनावर फारसा परिणाम अभ्यासात दिसत नाही, उलट सप्लिमेंटच्या स्वरूपात घेतल्यावर लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. ग्रीन कॉफी अमेरिकेत एका टीव्ही डॉक्टरनं गाजवली, डॉ. ऑझ, त्यांना २०१४ मध्ये सिनेटच्या समितीपुढं याबद्दल चांगलंच धारेवर धरलं होतं.

ॲपल सायडरचं तर ताजं आहे. २०२४ मध्ये लेबनॉनमधल्या १२० तरुण मुलामुलींवरचा एक अभ्यास छापून आला, रोज चमचाभर व्हिनेगरनं बारा आठवड्यांत बरेच किलो कमी, जगभर बातम्या झाल्या, व्हिनेगरच्या चघळायच्या गोळ्या (गमी) विकणाऱ्या सगळ्यांनी तो जाहिरातीत चिकटवला. २०२५ मध्ये त्याच जर्नलनं आकडेवारीवर भरवसा नाही म्हणून तो अभ्यास मागं घेतला. जाहिराती कोणी मागं घेतल्या नाहीत.

सीओडी (कॅश ऑन डिलिव्हरी) आहे, माल बघूनच पैसे देणार, मग रिस्क काय?

माल बघून नाही, खोका बघून. कुरिअरवाला आधी पैसे घेतो, मग खोका हातात देतो, त्याच्याही हातात काही नसतं, त्याला नावं ठेवू नका. खोक्यावर पाठवणाऱ्याचं नाव जाहिरातीतल्या ब्रँडचं नसतं, कुठलं तरी "अमुक एंटरप्रायझेस" असतं. दोन हजार रुपये कुरिअरच्या हातात गेले की ते परत मिळवणं कार्डचे पैसे परत मिळवण्यापेक्षा अवघड, कारण बँक मध्ये नाहीच. म्हणजे जी सोय आपल्याला सेफ वाटते तीच त्यांना जास्त सेफ आहे.

खोका न उघडता, पैसे न देता "नको" म्हणून परत पाठवला तर काहीही होत नाही. मागवलेलं नसताना पण असे खोके येतात, घरात म्हातारी माणसं असतात, "पोरानं मागवलं असंल" म्हणून पैसे देऊन टाकतात. घरच्यांना सांगून ठेवा, आम्ही फोन करून सांगितल्याशिवाय कुठलाही सीओडी घ्यायचा नाही.

डबा आल्यावर त्यांच्या "डॉक्टर"चा फोन येतो, फार आपुलकीनं बोलतात

आपुलकीनं बोलतात हेच तर. मावशीचं सांगतो. मिरजेला असते, ५८ वर्षांची, मुलगा पुण्यात, दिवसभर घरात एकटी. रात्री साडेअकराला फॉर्म भरला आणि सकाळी नऊ-दहाला फोन. "मॅडम मी तुमची हेल्थ एक्स्पर्ट बोलतेय, नाश्ता झाला का?" आता घरातल्या कोणी तिला नाश्ता झाला का म्हणून शेवटचं कधी विचारलं होतं कुणास ठाऊक. पहिला डबा १,९९९. आठ दिवसांनी "सिनिअर डॉक्टर". मावशी म्हणाली, पोट बिघडलंय, वजन काही हललं नाही. त्यावर तो काय म्हणाला असेल? "अभिनंदन मॅडम, तुमच्या बॉडीनं प्रॉडक्ट स्वीकारलंय, पोट बिघडतंय म्हणजे चरबी वितळून बाहेर पडतेय, पण आता कोर्स अर्धवट सोडलात तर डबल वजन वाढेल." पूर्ण कोर्स ६,५००. मग वजन नाहीच उतरलं तर म्हणे शरीरात टॉक्सिन फार आहेत, आधी डिटॉक्स किट घ्या, ४,२००.

बघा कसं बांधलंय ते. वजन कमी झालं तर औषधामुळं, नाही झालं तर तुमच्या शरीरामुळं, त्रास झाला तर तो औषध लागू पडल्याचा पुरावा. "माल खराब आहे" या उत्तराला त्यात जागाच ठेवलेली नाही. आणि "कोर्स अर्धवट सोडला तर उलटेल" ही भीती आपल्याकडं लगेच पटते, कारण अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण करा हे आम्हीच काउंटरवरून सांगत आलोय.

चार महिने तिनं कुणाला सांगितलं नाही. दिवाळीच्या साफसफाईला दिवाणातल्या गोधड्या बाहेर काढल्या तेव्हा खाली डबे सापडले, काही सील न फोडलेले. मी ओरडलो तिच्यावर, आज त्याचं वाईट वाटतं, कारण ती लपवत होती ती नेमकं याच ओरड्याला घाबरून.

फोनवरचा डॉक्टर खरा आहे का बघायचं असेल तर त्याला रजिस्ट्रेशन नंबर आणि कुठल्या कौन्सिलचा ते विचारा. खरा डॉक्टर लगेच सांगतो. हे लोक चिडतात, नाहीतर "मॅडम तुम्हाला बरं व्हायचंय का चौकशी करायचीय" म्हणतात.

पैसे परत देतो म्हणून फोन आला, पण आधी थोडे भरायला सांगतायत

भरू नका. हा त्याच नाटकाचा तिसरा अंक. तुमचा राग कुठवर आलाय हे त्यांना माहिती असतं, त्यामुळं काही दिवसांनी "रिफंड डिपार्टमेंट"चा फोन येतो. तुमचे १२,६९९ मंजूर झालेत, फक्त फाईल चार्ज आणि जीएसटीचे ३,००० भरा, ते पण परत मिळणारच आहेत. मावशीनं तेही भरले. एकूण १५,६९९ झाले, तिनं कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवलं होतं, दूधवाल्याच्या हिशोबाखाली.

पैसे मिळवायला कधीच पैसे भरावे लागत नाहीत, यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच, येत नाहीत. स्क्रीन शेअर करायचं ॲप घ्या म्हणाले तर फोन ठेवा.

"१ रुपयात ट्रायल" वाले डाएट ॲप कसे असतात?

सगळे खोटे नसतात, पण तो १ रुपया भरताना तुम्ही बहुतेक ऑटोपेला, म्हणजे पुढचे पैसे आपोआप कटायला, परवानगी देत असता. सात दिवस झाले की वर्षाचे पैसे एकदम कटतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं पैसे कटायच्या २४ तास आधी मेसेज यायला लागतो, येतो पण, फक्त आपण बँकेचे मेसेज वाचत नाही, ते लोनच्या जाहिरातीत बुडालेले असतात. आत्ताच्या आत्ता यूपीआय ॲप उघडा आणि ऑटोपे किंवा मँडेट असं काही दिसतंय ते बघा. ॲप मोबाईलमधून काढून टाकलं म्हणजे मँडेट बंद होत नाही, ते तिथूनच बंद करावं लागतं.

हे फक्त आपल्याकडंच चालतं का? परदेशात कायदे कडक असतात म्हणतात

उलट शाळा तिकडचीच आहे. फुकट ट्रायल, फक्त टपालखर्च द्या, आणि दोन आठवड्यांनी कार्डावरून दरमहा पैसे कटायला सुरुवात, हा अमेरिकेतला जुना धंदा. न्यू जर्सीला असलेल्या आपल्या नातेवाईकांना विचारा. तिथं एफटीसी म्हणून सरकारी संस्था आहे, तिनं जानेवारी २०१४ मध्ये सेन्सा नावाच्या कंपनीकडून २ कोटी ६५ लाख डॉलर वसूल करायचं ठरवलं, प्रॉडक्ट काय तर जेवणावर भुरभुरायची पावडर. भुरभुरा, खा, बारीक व्हा. २०१७ मध्ये अजून एक टोळी धरली, तिघं माणसं आणि १९ कंपन्या, न्यूज साईटसारखी दिसणारी खोटी पानं आणि सेलिब्रिटींची खोटी शिफारस वापरून चाळीसच्या वर प्रॉडक्ट विकलेली. १७ कोटी ९० लाख डॉलरचा निकाल लागला, आणि त्यांनी ६४ लाख भरले की बाकीचे स्थगित. तेवढेच द्यायची त्यांची ऐपत उरली होती म्हणे. आपल्याकडची "ब्रेकिंग न्यूज"च्या पट्टीसकट बनवलेली पानं बघितली की तोच साचा आहे हे कळतं, फक्त भाषा बदललीय.

अशी जाहिरात करायला आपल्याकडं परवानगी आहे का?

१९५४ पासून नाही. ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज नावाचा कायदा आहे, त्यात ज्या आजारांवर औषधाची जाहिरात करता येत नाही त्यांची यादी आहे आणि त्यात लठ्ठपणा आहे. म्हणूनच हे लोक "औषध" शब्द लिहीत नाहीत, "सप्लिमेंट" लिहितात, आणि औषध हा शब्द फोनवर तोंडी वापरतात कारण तो कुठं छापला जात नाही. मोठ्या नावांना पण दंड होतो हां, २०२५ मध्ये व्हीएलसीसीला चरबी गोठवायच्या मशीनच्या जाहिरातीबद्दल केंद्रीय प्राधिकरणानं ३ लाखांचा दंड केला, एका सेशनमध्ये अमुक ग्रॅम आणि तमुक सेंटिमीटर कमी असं सांगत होते. पण ती पत्ता असलेली कंपनी होती. स्टिकरवर स्टिकर लावणाऱ्याला नोटीस पाठवायची कुठं?

वजनाची ती नवीन इंजेक्शनं ऑनलाईन निम्म्या किमतीत मिळतायत, घेऊ का?

नको. टिर्झेपटाईड मार्च २०२५ मध्ये आणि वजनासाठीचं सेमाग्लूटाईड जून २०२५ मध्ये आपल्याकडं आलं, ही खरी औषधं आहेत, डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळतात, वापर सुरू करेपर्यंत २ ते ८ डिग्रीत ठेवावी लागतात. आम्ही फ्रीजमध्ये ठेवतो आणि बर्फाच्या पॅकसकट देतो. जे इंजेक्शन साध्या कुरिअरनं मे महिन्यात तीन दिवस फिरून येतं, ते खरं असलं तरी कामाचं राहिलं नसणार. आणि त्याच नावाच्या जवळ जाणारं काहीतरी ठेवून जे "पॅच" आणि "ड्रॉप्स" विकतात, तशी पॅच किंवा जिभेखालचे थेंब मान्यताप्राप्त औषधांत नाहीतच.

पैसे गेले. आता काय करू?

यूपीआयनं किंवा कार्डनं फसवून घेतले असतील तर आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला फोन, चहा नंतर. लवकर कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात गोठवता येतात, उशीर झाला की ते दहा खात्यांतून फिरून गेलेले असतात. बँकेला पण त्याच दिवशी लेखी कळवा.

माल भिकार निघाला, रिफंड देत नाहीत, फोन उचलत नाहीत, अशा तक्रारीला १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन, मराठीत बोलता येतं. ऑनलाईन विकणाऱ्यानं तक्रार अधिकाऱ्याचं नाव द्यायचं, ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्यात निकाली काढायचं असा २०२० चा नियम आहे, त्यांना मेल करताना हे लिहा, कधीकधी एवढ्यानंच पैसे परत येतात. नाहीच आले तर जिल्हा ग्राहक आयोग. आपण राहतो त्याच जिल्ह्यात केस करता येते, ५ लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, वकील लागतोच असं नाही, दोन वर्षांच्या आत करायची, आणि ग्राहक आयोगाच्या ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते. अर्ज लिहायला जमत नसेल तर ग्राहक पंचायतीच्या लोकांना भेटा, ते बसून लिहून देतात.

औषधात भेसळ वाटली तर अन्न व औषध प्रशासन. फोन कॉलवाल्यांचा नंबर संचार साथी या सरकारी पोर्टलवरच्या "चक्षू" या तक्रारीच्या सोयीत टाका. आणि मावशीचं काय झालं विचाराल तर, १९१५ वर तक्रार केल्यावर डिटॉक्स किटचे ४,२०० परत आले, बाकीचे नाहीत.

ऑर्डर नाकारली तर "कोर्टाची नोटीस येईल" म्हणून धमकी देतायत

येऊ दे म्हणा. सीओडी न घेणं हा गुन्हा नाही. एका पोरीला तर व्हॉट्सॲपवर वकिलाच्या शिक्क्यासकट नोटीस आली, "आपण कंपनीचे नुकसान केले आहे, २४ तासांत २,४९९ भरा", खाली सहीच्या जागी नुसतंच "ॲडव्होकेट", नाव नाही. तिला म्हटलं स्क्रीनशॉट ठेव आणि ब्लॉक कर. सहा महिने झाले, पोस्टमननं काही आणलेलं नाही.

आई ऐकतच नाही, परत त्याच नंबरला फोन करते

भांडू नका, मी तेच चुकलो. तिच्या फोनमधून नंबर गुपचूप ब्लॉक केलात तर ती शेजारच्या फोनवरून करेल. तिला डॉक्टरकडं न्या, थायरॉईड तपासा, चालू असलेल्या गोळ्या दाखवा, काही गोळ्यांनी पण वजन वाढतं. वजन ही खरी अडचण आहे तिची, गुडघे खरंच दुखतायत, त्याबद्दल घरात कोणी गंभीरपणे बोललं नाही म्हणून ती रात्री साडेअकराला फोनशी बोलली. आणि सकाळी नाश्ता झाला का म्हणून विचारा.

उरलेल्या डब्यांचं काय करू?

एक सीलबंद डबा, बिल, खोक्यावरचं कुरिअरचं लेबल आणि चॅटचे फोटो तक्रारीसाठी ठेवा. बाकीचं कामवालीला देऊ नका, "फुकट जातंय तर घे बाई" असं करू नका. फोडून, मातीत किंवा चहाच्या चोथ्यात मिसळून कचऱ्यात टाका. मावशीनं औषध टाकलं पण एक बरणी ठेवून घेतली, झाकण घट्ट बसतं म्हणाली, आता त्यात मेथीदाणे असतात. लेबल मात्र मी स्वतः गरम पाण्यात भिजवून खरवडून काढलं, कारण ती बरणी ओट्यावर दिसली तेव्हा शेजारच्या काकूंनी पहिला प्रश्न विचारला होता, "अगंबाई, कुठनं मागवलंस, नंबर दे की."